फाइन आर्ट फोटोग्राफर म्हणून ओळख कशी मिळते? लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाच्या प्रश्नाला उत्तर

सांगलीकडच्या एका छायाचित्रकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "गेली काही वर्षं लग्नाची कामं करतो. कॅमेरा, लेन्स, घरखर्च सगळं त्यातूनच निघतं. पण मला फाइन आर्ट फोटोग्राफर, म्हणजे कलाकृती म्हणून फोटो काढणारा, व्हायचंय. सलोनमध्ये, म्हणजे हौशी फोटोग्राफरांच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, माझे काही फोटो निवडले गेले, इन्स्टाग्रामवर लोक वाहवा करतात, गॅलऱ्या मात्र मेलला उत्तरही देत नाहीत. एका परीक्षकांनी सांगितलं की तुम्हाला स्वतःची शैली नाही. शैली तयार कशी करायची? ओळख मिळवायला काय करावं? लग्नाची कामं सोडावीत का?" सोबत त्यांनी बारा फोटो जोडले होते.

तुमचे फोटो मी आधी एकेक करून पाहिले, मग सगळे एकत्र मांडून पाहिले. सुटे पाहिले तर एकही वाईट नाही. वारीच्या वाटेवरची धूळ आणि तिच्यातून मागून येणारं ऊन, वाराणसीचा साधू, गणपतीपुळ्याच्या खडकांवर धुक्यासारखं झालेलं समुद्राचं पाणी, विहिरीत सूर मारणारा पोरगा, सुरकुतल्या चेहऱ्याची कृष्णधवल आजी. एकत्र ठेवले की मात्र हे एका माणसाने काढलेत की बारा जणांनी, ते सांगता येत नाही. परीक्षकांना बहुधा हेच खटकलं असावं. त्यांनी त्याला शैलीचा अभाव म्हटलं आणि तुम्ही शैली शोधायला निघालात. मला विचाराल तर शैलीचा प्रश्न तुमच्यापुढे अजून आलेलाच नाही. त्याच्या आधी येतं ते काम. काम म्हणजे एकाच गोष्टीभोवती बराच काळ फिरून जमवलेला, एकत्र पाहिल्यावर काहीतरी सांगणारा वीस-तीस चित्रांचा संच. गॅलरीवाले, प्रदर्शनं रचणारे क्युरेटर, प्रकाशक हे तो संच बघायला बसतात. तो नसेल तर तुमच्या मेलला ते काय उत्तर देणार?

पुढचं सगळं मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे, ते तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. मी पुण्यात राहते. सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन प्रदर्शन बघून रात्री घरी येता येतं. तुम्हाला तेवढ्यासाठी मुक्काम पडतो. माझं पोट अजूनही औषधांच्या बाटल्या, हॉटेलांचे मेन्यू आणि कारखान्यांच्या वार्षिक अहवालांचे फोटो काढून भरतं. घरची जबाबदारी किती, हंगामात मोकळे दिवस किती मिळतात, प्रिंटवर किती पैसे घालता येतात, यावर प्रत्येकाचा वेग ठरतो. दोन वर्षांत होईल की दहा, ते मला सांगता येणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या कार्यशाळेचे पैसे भरू नका.

शैली म्हटलं की बहुतेक जण प्रिसेटकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार रंगछटांकडे, धावतात. सावल्यांत जरा निळा, उजेडात जरा पिवळा, कडा काळवंडलेल्या, वरून ग्रेन. हा मुलामा आठवड्यात चढतो आणि वर्षा-दोन वर्षांत शिळा होतो. 2010च्या आसपास प्रत्येक किल्ल्याचा आणि प्रत्येक ढगाचा एचडीआर (उजेड-सावलीचे सगळे तपशील भडक करून दाखवणारा फोटो) व्हायचा, आठवतंय? ते फोटो आज काढणाऱ्यांनाही बघवत नाहीत. दिसण्यातलं साम्य म्हणजे शैली असं धरून चाललं की असं होतं.

माझ्या मते शैली तयार होते ती निर्णयांतून. जर्मनीतलं बेर्न्ड आणि हिला बेचर हे फोटोग्राफर जोडपं घ्या. 1959 पासून पुढे कित्येक दशकं त्यांनी पाण्याच्या टाक्या, वायूच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणीवरचे मनोरे असलं काहीबाही काढलं. आकाश ढगाळ हवं, म्हणजे सावली पडत नाही. कॅमेरा मोठ्या फॉरमॅटचा, वस्तू फ्रेमच्या मध्यावर, माणूस नाही, नाट्य नाही. मग एकाच जातीच्या नऊ, बारा, पंधरा वस्तू जाळीसारख्या मांडायच्या. एकटी टाकी पाहिली तर अभियंत्याच्या फाइलमधला फोटो वाटेल. पंधरा एकत्र पाहिल्या की प्रत्येकीचा स्वभाव दिसायला लागतो. 1990च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! गुर्स्की, स्ट्रुथ, रुफ, हेफर ही पुढे गाजलेली मंडळी डसेलडॉर्फला बेचर यांच्याकडेच शिकली, आणि त्यांतल्या कुणाचंही काम गुरूंच्या कामासारखं दिसत नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण, आपल्या घराजवळचं. छायाचित्रकार गौरी गिल 1999 पासून पश्चिम राजस्थानात काम करताहेत. ती चित्रं कृष्णधवल आहेत, माणसांच्या खूप जवळ जाऊन काढलेली. त्याच बाईंनी आपल्या पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या बाजूला, बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचे, मुखवटे करणाऱ्या आदिवासी कलाकारांबरोबर काम केलं. देवादिकांचे मुखवटे नेहमीचे. यांनी कलाकारांना रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले. ते घालून गावातलीच माणसं दुकानात, घरात, दवाखान्यात बसलेली दिसतात, आणि चित्रं भडक रंगीत आहेत. दोन मालिका शेजारी ठेवल्या तर वरवर काडीचंही साम्य नाही. तरी दोन्हींमागचा माणूस एकच आहे हे कळतं, कारण समोरच्याला वेळ देणं, त्याला चित्रात भागीदार करून घेणं ही रीत दोन्हींकडे तीच आहे. 2023चं प्रि पिक्ते हे छायाचित्रणाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्यांना राजस्थानच्या कामासाठी मिळालं. म्हणजे सुरुवात धरली तर चोवीस वर्षांनी.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दलही सांगते, कारण त्यातले निर्णय मला आतून माहीत आहेत. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून माणसं पश्चिम महाराष्ट्रात येतात. कारखान्याजवळच्या माळावर, शेताच्या बांधाला कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. मी तिथे जायला लागले तेव्हा सगळे काढतात तेच काढत होते: डोक्यावर मोळी घेतलेली बाई, बैलगाड्यांची रांग, धुरकट संध्याकाळ, कोपीच्या दारातलं बाळ. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, त्याच माळावर पुन्हा गेले. कोप्या उठल्या होत्या. जमिनीवर प्रत्येक कोपीचा सारवलेला तुकडा तेवढा उरला होता. एका कडेला तीन दगडांची चूल, तिच्यामागे काळी पडलेली माती, मेखा उपटल्याची भोकं, प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा, औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. एका ठिकाणी चुलीशेजारी आणखी एक चूल होती, अगदी लहान, पोरांनी भातुकलीसाठी मांडलेली. त्या तुकड्याकडे बघून घरात किती माणसं असतील, बाई कुठल्या अंगाला बसून भाकरी करत असेल, याचा अंदाज येत होता. तेव्हापासून त्या कामात मी माणसं काढणं थांबवलं आणि हे तुकडे काढायला लागले.

मग एकेक निर्णय आपोआप समोर येत गेला. ऊन तिरपं असलं की दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि चित्र नाटकी होतं. मला तसं नको होतं. ढगाळ हवा बरी, पण एप्रिलमध्ये आपल्याकडे ढग आणायचे कुठून? म्हणून फटफटल्यापासून सूर्य वर येईपर्यंतचा वेळ तेवढा माझा. उभं राहून काढलं तर मागचं शेत आणि विजेचे खांब फ्रेममध्ये घुसतात. ड्रोनने काढलं तर चुलीचा ठिपका होतो. शेवटी रंगाऱ्याचा घोडा, म्हणजे चढून उभं राहायची घडवंची, टेम्पोत टाकून न्यायला लागले. त्यावरून पाहिलं की पूर्ण तुकडा मावतो आणि बांगडीही दिसते. कुठलीही वस्तू हलवायची नाही हा आणखी एक नियम. बांगडी उचलून मधोमध ठेवायचा मोह होतो, पण एकदा ती ठेवली की सगळीच चित्रं खोटी वाटायला लागतात, निदान मला तरी.

यातलं काहीही मी शैली म्हणून ठरवलं नव्हतं. विषयाला जे लागलं ते केलं. काही हंगाम गेल्यावर लोक म्हणायला लागले की हा फोटो तुमचाच दिसतो. आता दुसऱ्या कामावर गेले तरी माझी नजर आधी जमिनीकडे जाते, तिथे काय उरलंय ते बघायला. शैली म्हणतात ती हीच असावी.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या बारा फोटोंपैकी एकाच फोटोपाशी मी थांबले. मंगल कार्यालयातली वरपक्षाची खोली. लोखंडी पलंगावर गाद्यांची चळत, तिच्यावर पसरलेला शालू, खिडकीच्या गजांना अडकवलेले फेटे आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपलेली एक बाई, डोक्यातला गजरा चुरगळलेला. वर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, आणि तुम्ही तो दुरुस्त केलेला नाही, हे फार चांगलं केलंत. फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "सहज काढलेला." वाराणसीच्या साधूपुढे रोज पन्नास कॅमेरे उभे असतात. या खोलीत भर दुपारी कॅमेरा घेऊन शिरण्याची मुभा फक्त लग्नाच्या फोटोग्राफरला असते, आणि त्यातलेही बहुतेक तिथे कॅमेरा खाली ठेवून पाणी पितात.

तुम्ही मंगल कार्यालयांवरच काम करा, असा माझा हट्ट नाही. पण विषय निवडताना मी काय बघते ते सांगते. पहिलं म्हणजे मला तिथे सहज जाता येतं का, आणि इतरांना येत नाही असं काही आहे का. दुसरं, तिथे पुन्हा पुन्हा जाता येईल का. वर्षातून एकदा कच्छच्या रणोत्सवाला जाऊन काम उभं राहत नाही. तिसरं सांगायला जरा अवघड आहे: त्या जागेबद्दल माझ्या मनात काही अडलेलं आहे का? राग, लाज, कुतूहल, काहीही चालेल. नुसतं सुंदर वाटणं दोन-तीन फेऱ्यांत संपतं. लग्नाच्या धंद्यात राहून तुम्ही इतकं पाहिलं असेल: पंगत उठल्यावरचा हॉल, मागच्या अंगाला आचाऱ्यांच्या भट्ट्या, टेम्पोच्या आडोशाला गणवेश बदलणारे बँडवाले, रात्री मांडव उतरवणारी पोरं. यातलं तुम्हाला काय टोचतं ते तुम्हीच ठरवायचं आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक हा, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये तसं आहे. त्यामुळे बुकिंगच्या कागदावर एक ओळ आत्ताच घाला की ठरलेल्या फोटोंव्यतिरिक्तची चित्रं प्रदर्शनासाठी आणि पुस्तकासाठी वापरायचा हक्क तुमच्याकडे राहील. आणि कागदावर सही असली तरी झोपलेल्या त्या बाईंना फोटो दाखवून विचारा. सही वरपित्याने केलेली असते, भिंतीवर त्या लागणार असतात.

समजा दोन हंगाम काढून तुमच्याकडे काही शे चित्रं जमली. आता निवड. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं आणि नव्वद टक्के लोक इथेच कंटाळा करतात. स्क्रीनवर निवड करू नका. साध्या लॅबमधून चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. पहिल्या दिवशी फक्त ढोबळ चुकलेली बाजूला करा. उरलेली भिंतीला चिकटवून ठेवा, येता-जाता दिसतील अशी. पंधरा दिवसांनी काही चित्रांकडे आपण बघतही नाही असं लक्षात येतं, ती काढा. मग दोन-दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. काही एकमेकांचंच बोलणं पुन्हा बोलतात, त्यांतलं एक जातं. सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो तर आधीच बाजूला काढून ठेवा. बहुतेकदा तो एकटा उभा राहणारा, टाळीचा फोटो असतो आणि संचात आला की बाकीच्यांना फिकं पाडतो. मी माझ्या कामातून धुक्यातल्या चुलीचा एक फोटो असाच काढला. घरच्यांना तो सगळ्यात आवडतो, म्हणून तो आता आमच्या जेवणघरात आहे.

हे करताना एका माणसाची मदत घ्या, पण फोटोग्राफरची नको. फोटोग्राफर शार्पनेस बघतात. कविता वाचणारा, नाटकं बघणारा, नाहीतर नुसता चौकस असा कुणीतरी मित्र बघा, आणि त्याला काहीही समजावून न सांगता चित्रं त्याच्यापुढे ठेवा. तो कुठल्या चित्रापाशी प्रश्न विचारतो तेवढं लिहून ठेवा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: तुम्हाला जिथे शिरता येतं असा एकच विषय, त्यावर दोन-तीन हंगाम, त्या विषयाने मागितलेले नियम, आणि मग निर्दय निवड. शैली त्यातून आली तर येईल. आता ओळखीबद्दल.

"काम चांगलं असलं की ओळख आपोआप मिळते" असं म्हणणारे व्हिव्हियन मायर या हयातीत अज्ञातच राहिलेल्या फोटोग्राफरचं उदाहरण देतात. तिची निगेटिव्हं 2007 मध्ये शिकागोत भाडं थकलेल्या सामानाच्या लिलावात विकली गेली आणि 2009 मध्ये ती वारली. जगाने डोक्यावर घेतलं ते त्यानंतर. असली ओळख तुम्हाला हवी असेल असं मला वाटत नाही. तेव्हा काम दाखवायला बाहेर पडावंच लागतं, आणि पडण्याआधी ओळख कुणाकडून हवी आहे ते ठरवावं लागतं. कारण ही वेगवेगळी जगं आहेत आणि एकातलं नाणं दुसऱ्यात चालत नाही.

सलोनचं जग तुम्हाला माहीत आहे. फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना 1950 पासूनची, तिच्या मान्यतेने जगभर सलोन भरतात, निवडल्या गेलेल्या फोटोंच्या हिशेबावर एएफआयएपी, ईएफआयएपी अशा पदव्या मिळतात. आपल्याकडे हौशी मंडळांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 मध्ये निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. सलोनमुळे हात तयार होतो, शिस्त लागते. पण परीक्षक एकेका फोटोला काही सेकंद देतात, त्यामुळे तिथे तडक भिडणारा सुटा फोटो जिंकतो. तुमचे बारातले अकरा फोटो असेच आहेत. पदव्या हव्या असतील तर ते चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त नावापुढच्या त्या अक्षरांमुळे गॅलरीचं दार उघडेल ही अपेक्षा सोडा. बहुतेक क्युरेटरना ती अक्षरं कशाची हेही माहीत नसतं.

गॅलरी म्हणतानाही आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देतो. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, तिचं गच्चीवरचं दालन फोटोंच्या प्रदर्शनांसाठी ओळखलं जातं. पुण्यात बालगंधर्व कलादालन आहे. अशा ठिकाणी अर्ज करायचा, नंबर लागायची वाट बघायची (जहांगीरला ती फार लांबते), भाडं भरायचं आणि आठवडाभर भिंती आपल्या. दुसऱ्या प्रकारच्या गॅलऱ्या खाजगी. त्या कलाकार निवडतात, त्याची चित्रं विकतात आणि साधारण 40 ते 50 टक्के स्वतःकडे ठेवतात. पहिल्या प्रकारात प्रदर्शन झालं म्हणून दुसऱ्या प्रकारची गॅलरी फोन करते असं नाही. तरीही पहिलं प्रदर्शन भाड्याच्या दालनात करायला माझी हरकत नाही, एका अटीवर: रोज उघडल्यापासून बंद होईपर्यंत स्वतः तिथे बसायचं. लोक कुठल्या चित्रापाशी थांबतात, कुठून पुढे सरकतात, हे जेवढं त्या आठवड्यात कळतं तेवढं एरवी कधी कळत नाही.

तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला मी आधी महोत्सव आणि पोर्टफोलिओ रिव्ह्यू सुचवेन. चेन्नई फोटो बिएनाले 2016 पासून भरतं. त्याच वर्षापासून डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो, आणि तुम्हाला सांगलीहून पणजी मुंबईपेक्षा जवळ पडेल. ढाक्याचा छोबी मेला 2000 पासूनचा. निदान एकदा नुसतं बघायला जा. रिव्ह्यूत काय होतं ते सांगते. टेबलापलीकडे क्युरेटर किंवा संपादक, अलीकडे तुम्ही, हातात वीसेक मिनिटं. माझ्या पहिल्या रिव्ह्यूत समोरच्या बाईंनी माझं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. त्या प्रिंट उलटत गेल्या, भातुकलीच्या चुलीपाशी हात थांबला, मागे जाऊन आधीची दोन चित्रं पुन्हा पाहिली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी हाच माळ असेल का?" त्या प्रश्नाने माझ्या पुढच्या कामाची दिशा ठरली. लगेच प्रदर्शन वगैरे काही मिळालं नाही. त्यांनी माझं नाव दुसऱ्या कुणाला सांगितलं, त्याने मेल केला, असं हळूहळू होत गेलं. ओळख बहुतेकदा अशीच पसरते.

ज्या स्पर्धा प्रत्येक फोटोमागे घसघशीत शुल्क घेतात आणि निम्म्या लोकांना 'विशेष उल्लेख' देतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. इन्स्टाग्रामचंही फार मनावर घेऊ नका. काम तिथे दिसलं पाहिजे, पण तिथे काय चालतं ते बघून काढायला लागलात की पुन्हा सूर मारणारा पोरगा येईल.

लिहिण्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडची बरीच मंडळी तिथे अडतात. प्रत्येक अर्जाला एक निवेदन लागतं आणि ते इंग्रजीत लागतं. मग कुठून तरी 'अस्तित्वाच्या अनाम प्रदेशातील प्रवास' छापाचं काहीतरी भाषांतर होऊन येतं. आधी मराठीत अर्धं पान लिहा: काय काढलं, कुठे, किती काळ, का, आणि कुठले नियम पाळले. ते तुमच्या आत्याला नाहीतर काकूला वाचून दाखवा. तिला कळलं, तरच इंग्रजी करून घ्या. मेलमध्ये हे अर्धं पान, दहा-बारा चित्रांची छोटी पीडीएफ आणि तीन ओळींत तुमची माहिती, बस्स. आणि पाठवण्याआधी त्या गॅलरीने गेल्या दोन वर्षांत काय लावलं ते बघा. फक्त तैलचित्रं लावणाऱ्या गॅलरीला फोटो पाठवून उत्तर येत नाही म्हणण्यात अर्थ नाही.

शेवटची मोठी गोष्ट प्रिंटची. फाइन आर्टच्या जगात प्रिंट हीच मूळ कलाकृती धरली जाते, आणि तुम्ही अजून एकही मोठी प्रिंट काढलेली नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. 24 मेगापिक्सेलची फाइल 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 20 बाय 13 इंचांपर्यंत जाते, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाला पुरते. घरचा स्क्रीन फार उजळ ठेवलेला असतो म्हणून पहिली प्रिंट काळी येते; ब्राइटनेस उतरवा आणि आधी छोटे तुकडे छापून बघा. कागद शंभर टक्के सुती घ्या. मी हानेम्युलेचा 308 ग्रॅमचा फोटो रॅग वापरते, कारण मातीचे करडे-तपकिरी रंग चकचकीत कागदावर मेल्यासारखे दिसतात. तुमच्या ट्यूबलाइटच्या हिरव्याला कदाचित दुसरा कागद लागेल. फ्रेममध्ये काच प्रिंटला टेकता कामा नये, मधे आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट हवा. नाहीतर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, कोकणात तर एकातच.

आवृत्ती, म्हणजे एका चित्राच्या एकूण किती प्रिंट काढायच्या ते, पहिल्या विक्रीआधी ठरवा. पाच प्रिंट आणि दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती) असं ठरवलंत तर ते कायमचं. मागाहून सहावी काढली तर घेणाऱ्यांचा विश्वास जातो, आणि या वर्तुळात बातमी लवकर पोहोचते. प्रत्येक प्रिंटवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही करा, कुठली कुणाला गेली याची वही ठेवा. किंमत कमी ठेवून सुरुवात करा, आवृत्ती संपत जाईल तशी वाढवा. वाढवलेली किंमत उतरवणं फार जड जातं.

आणि लग्नाची कामं सोडू नका. निदान पहिलं काम पुरं होऊन लोकांपुढे जाईपर्यंत तरी. प्रिंट, फ्रेम, पणजी-मुंबईच्या फेऱ्या यांचा खर्च तीच भागवणार आहेत. तुमच्या धंद्यात आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे चार महिने तसेही थंड असतात, ते निवडीला, प्रिंटला आणि अर्जांना वापरा. हंगामात दोन-चार तारखा कमी घेता आल्या तर घ्या. पण सगळंच सोडून बसलात तर पहिल्याच वर्षी घरभाड्यासाठी फोटो विकावे लागतील, आणि मग जे विकलं जातं तेच काढावंसं वाटतं. मी ओळखते त्यातले दोघे-तिघे असेच पुन्हा वाराणसीला जाऊन पोहोचले.